तारामतीचा आवाज : गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे आणि मराठी बोलपटाची पहिली गाणारी जोडी

१/
३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तेव्हा पडद्यावरची तारामती पुरुष होती. उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी लुगडे नेसवून राणी केले होते. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी त्याच गिरगावात, मॅजेस्टिक सिनेमात, ‘अयोध्येचा राजा’ झळकला. कथा तीच, राजा तोच, स्मशानही तेच. पण या वेळची तारामती स्त्री होती, आणि ती स्वतःच्या गळ्याने गात होती.

हा धागा त्या तारामतीविषयी, तिच्यासमोर उभ्या असलेल्या हरिश्चंद्राविषयी आणि फिल्मच्या पट्टीवर टिकून राहिलेल्या त्या दोघांच्या आवाजांविषयी आहे.

२/
हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. चित्रपट कोल्हापुरात तयार झाला आणि मुंबईत गाजला. मग शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर, जळगाव या पट्ट्यातल्या वाचकाने त्यात लक्ष का घालावे? कारण ही कथा दोनदा खानदेशातून जाते. एकदा आरंभी, जळगावच्या एका गाण्याच्या शिकवणीतून. आणि एकदा शेवटी, शिंदखेडा तालुक्यातून तापी ओलांडली की लागणाऱ्या थाळनेरातून.

३/
आधी जळगाव. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला. तेथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. जळगावचे खुले नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

हाच मुलगा पुढे मराठी रंगभूमीची सर्वांत लाडकी ‘स्त्री’ झाला. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या नायिका प्रेक्षकांनी पाहिल्या त्या त्याच्या रूपात. बायकांनी वेणी कशी घालावी, शेला कसा घ्यावा, हे घरंदाज स्त्रिया एका पुरुषाकडे पाहून ठरवीत होत्या. आज हे विचित्र वाटते. त्या काळी विचित्र वाटे ते उलटे, म्हणजे घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे.

४/
बालगंधर्वांच्या या गाण्यामागे ज्या मोजक्या माणसांचे कान आणि बोटे होती, त्यांत गोविंदराव टेंबे होते.

जन्म ५ जून १८८१. कोल्हापूरचा हा तरुण पेटीवादनात असा तयार झाला की भास्करबुवा बखल्यांसारखे गवई त्याची साथ मागत. अल्लादियाखाँ यांच्या गायकीचा त्यांना ध्यास होता; खाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी पुढे लिहिले. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ रंगमंचावर आणले. त्या नाटकाच्या चाली टेंबे यांच्या होत्या. ठुमरी, दादरा, कजरी यांचे पूर्वेकडचे रंग त्यांनी मराठी पदांत असे मिसळले की रंगभूमीच्या गाण्याचे वळणच बदलले.

५/
१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी उभी केली. टेंबे तेथे फार काळ रमले नाहीत. दोनच वर्षांत त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. पेटीवादक, चालकार, नट, नाटककार, कंपनीचे मालक, लेखक: एका माणसाने इतक्या भूमिका वठवल्या की त्याला नेमके काय म्हणावे, हा प्रश्न इतिहासकारांना पडतो. त्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ वाचले की उत्तर मिळते. हा माणूस मुळात ऐकणारा होता.

(जाता जाता: ज्या पेटीवर त्यांचे आयुष्य उभे होते, तिला १९४० साली आकाशवाणीने दार बंद केले. ते उघडायला तीन दशके लागली.)

६/
तर १९३१ साल उजाडले तेव्हा टेंबे पन्नाशीचे होते, आणि ज्या जगात त्यांनी नाव कमावले ते जग कर्जात बुडत होते. संगीत नाटक मंडळ्यांचे वैभव ओसरू लागले होते. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्येच अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला. पडदा बोलू लागला, गाऊ लागला. नाटकाच्या तिकिटापेक्षा स्वस्तात गाणे मिळणार असेल, तर रात्रभर नाटक ऐकायला कोण बसणार?

७/
कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीपुढेही हाच प्रश्न होता, फक्त दुसऱ्या बाजूने. १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ही कंपनी स्थापन केली. तिने मूकपट काढले होते आणि ते चालतही होते. शांतारामांना बोलपटाविषयी फारसा उत्साह नव्हता. मूक अभिनयाची भाषा अधिक समृद्ध आहे, असे त्यांना वाटे. पण बाजाराने निर्णय घेतला होता.

प्रभातने मग विषय निवडला तो सगळ्यांना ठाऊक असलेला. हरिश्चंद्राची कथा कीर्तनात होती, नाटकात होती, आयाबायांच्या तोंडी होती. भाषा नवी असेल तर गोष्ट जुनी असावी, हा हिशेब शहाणपणाचा होता.

८/
हरिश्चंद्र म्हणून टेंबे यांची निवड झाली आणि संगीतही त्यांच्याकडेच सोपवले गेले. आज नायकाचे वय पाहून भुवया उंचावतील. पण त्या काळी गाणारा नट हवा असेल तर तो रंगभूमीवरूनच आणावा लागे, आणि रंगभूमीवर वयापेक्षा सूर पाहत.

प्रश्न तारामतीचा होता.

९/
दुर्गा खोटे. जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईच्या सुखवस्तू, सुशिक्षित लाड कुटुंबात. घरचे नाव विठा. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात. लग्न खोटे यांच्या धनाढ्य घराण्यात झाले. पुढे त्या घराची आर्थिक घडी विस्कटली. पदरी दोन लहान मुले होती, आणि सासरच्या आधारावर किती काळ काढायचा हा प्रश्न होता. त्यांनी शिकवण्या घेतल्या. मग १९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’मध्ये एक छोटी भूमिका केली.

ती छोटी भूमिका महागात पडली. चित्रपट सुमार निघाला, आणि चांगल्या घरची सून त्यात दिसली म्हणून समाजाने तोंडसुख घेतले. ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात त्या दिवसांची धग आजही जाणवते.

१०/
येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुस्तकांत हा प्रसंग अनेकदा एका वाक्यात उरकला जातो: ‘दुर्गाबाईंनी घरंदाज स्त्रियांसाठी चित्रपटाचे दार उघडले.’

दार आधीच उघडलेले होते. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केले, ते १९१३ सालच्याच सुमारास. मूकपटांतही स्त्रिया होत्या. पण मूकपटातली स्त्री दिसे, ऐकू येत नसे. गाणारी स्त्री म्हटले की समाजाच्या डोळ्यांपुढे कोठीच येई. गौहर जान यांनी १९०२ साली भारतातल्या पहिल्या काही तबकड्यांसाठी गाणे दिले, तेव्हापासून ग्रामोफोनवर स्त्रियांचे आवाज होतेच. पण त्यांतले बहुतेक गाण्यावर उपजीविका करणाऱ्या घराण्यांतल्या स्त्रियांचे होते. दुर्गा खोटे यांनी एकाच वेळी दोन रेषा ओलांडल्या. चेहरा दाखवला आणि आवाजही दिला. दुसरी रेषा अधिक कठीण होती.

११/
‘फरेबी जाल’नंतर शांतारामांचे बोलावणे आले. जो अनुभव नुकताच आला होता तो पाहता नकार देणेच सोपे होते. दुर्गाबाई कोल्हापूरला गेल्या.

आता कथेतला एक प्रसंग आठवा. दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडलेला हरिश्चंद्र काशीत येतो आणि भर बाजारात तारामती विकली जाते. गंगानाथ हा तिला घेणारा काशीतला धनिक (ती भूमिका बाबूराव पेंढारकर यांची). वैभवातून उतरलेली राणी परक्या घरी कष्ट करते, मूल सांभाळते आणि परपुरुषाच्या नजरेला तोंड देते. प्रेक्षागृहात बसलेल्या किती जणांना पडद्यावरच्या बाईची खरी परिस्थिती माहीत होती, ते सोडा. तिला स्वतःला ती माहीत होती.

१२/
आता आवाजाचे तंत्र. हे नीट समजले नाही, तर या जोडीचे मोल कळत नाही.

१९३२ साली आपल्याकडे पार्श्वगायन नव्हते. गाणे आधी मुद्रित करून नंतर ओठ हलवण्याची सोय नव्हती. कॅमेरा चालू झाला की नटाने अभिनय करायचा आणि त्याच क्षणी गायचे. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, कधी पडद्याआड, कधी देखाव्याच्या झाडामागे दडून बसत. मायक्रोफोनकडे पाठ झाली की सूर गेला. कॅमेऱ्याची घरघर, बाहेरची गाडी, कुणाचा खोकला, सगळे काही पट्टीवर उतरे. ‘आलम आरा’चे बरेचसे चित्रण रात्री उशिरा करावे लागले, कारण स्टुडिओजवळून दिवसभर आगगाड्या जात.

१३/
आवाज फिल्मवर उतरतो कसा? मायक्रोफोन हवेतल्या कंपनांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. त्या चढउतारांनुसार प्रकाशाची एक बारीक रेघ कमीजास्त होते, आणि फिल्मच्या कडेला काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या रूपात उमटते. प्रक्षेपकात हीच नक्षी दिव्यासमोरून सरकते, प्रकाश पुन्हा कमीजास्त होतो, त्याची वीज होते, विजेचा आवाज होतो. म्हणजे दुर्गा खोटे यांचा सूर अक्षरशः त्यांच्या चेहऱ्याशेजारी, काही मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात बसला आहे.

प्रभातमध्ये हे ध्वनिमुद्रण सांभाळले विष्णुपंत दामले यांनी. मूळचे चित्रकलेचे आणि नेपथ्याचे जाणकार. आवाजाचे शास्त्र त्यांनी काम करता करता आत्मसात केले. चार वर्षांनी ‘संत तुकाराम’ फत्तेलालांसह दिग्दर्शित करणारे दामले ते हेच.

१४/
यावर आणखी एक ओझे होते. ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित झाला. तेच कलावंत, तोच देखावा, पण प्रत्येक प्रसंग दोन भाषांत वेगवेगळा. गाणेही दोनदा, आणि दोन्ही वेळा प्रत्यक्ष.

खानदेशी वाचकाला यात नवल वाटू नये. अहिराणी घरात, मराठी शाळेत, गुजराती बाजारात आणि हिंदी प्रवासात, अशी चार भाषांची ये-जा सुरत–भुसावळ लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना रोजचीच आहे. प्रभातने तीच गोष्ट धंद्याच्या गरजेपोटी केली. नुसत्या मराठी प्रेक्षकांवर एवढा खर्च निघणार नव्हता.

१५/
मग ही जोडी ऐकायला कशी आहे?

टेंबे यांच्या गाण्यात रंगभूमी उभी आहे. शब्द फेकण्याची पद्धत, सम गाठण्याआधीचा किंचित ठेहराव, शेवटच्या ओळीतल्या प्रेक्षकापर्यंत पोचण्याची सवय. मायक्रोफोन हातभर अंतरावर आहे, हे त्यांच्या गळ्याला अजून पटलेले नाही. दुर्गा खोटे यांचे उलट आहे. आवाज तालीमबाज गायिकेचा नाही. ताना नाहीत, दाणेदार हरकती नाहीत. आहे तो जपून लावलेला, साधा, बोलण्याच्या जवळ जाणारा सूर. गाण्याच्या कसोटीवर टेंबे कितीतरी वरचे, यात वाद नाही. पण नव्वद वर्षांनंतर पडद्यासमोर बसले, की मायक्रोफोनच्या माध्यमाला अधिक मानवतो तो तिचाच आवाज. पुढच्या मराठी चित्रपटाने जी वाट धरली, ती बोलण्याच्या जवळच्या गाण्याची होती.

आणि या दोन वेगळ्या घडणीच्या गळ्यांना एकाच चित्रपटात पेलणाऱ्या चाली बांधणारा माणूस तोच, जो शेजारी राजाच्या वेषात उभा होता. याला रंगभूमीचे शहाणपण म्हणावे. समोरच्याच्या गळ्यात काय बसते हे पाहूनच चाल द्यायची, ही नाटक मंडळ्यांची जुनी रीत.

१६/
याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते? हॉलीवूडमध्ये जेनेट मॅक्डॉनल्ड आणि मॉरिस शव्हालिए ही गाणारी जोडी गाजत होती. १९२९ चा ‘द लव्ह परेड’ हा त्यांचा पहिला चित्रपट. १९३२ साली त्यांचे दोन आले, ‘वन अवर विथ यू’ आणि ‘लव्ह मी टुनाइट’. त्यांतला पहिला इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही चित्रित झाला, तेच दोघे घेऊन. म्हणजे कोल्हापूर आणि हॉलीवूड एकाच वर्षी एकच युक्ती वापरत होते, आणि दोघांचे कारणही एकच होते: आवाज आला आणि चित्रपटाची सगळ्या जगाला कळणारी मुकी भाषा हरवली.

फरक साधनांचा होता. गाणे आधी मुद्रित करून त्यावर चित्रण करण्याची रीत हॉलीवूडने १९२९ साली ‘द ब्रॉडवे मेलडी’पासून हाताळायला घेतली होती. कोल्हापूरला ती चैन नव्हती.

१७/
पुढे १९३५ साली मॅक्डॉनल्ड यांना नेल्सन एडी हा जोडीदार मिळाला. ‘नॉटी मॅरिएटा’पासून १९४२ पर्यंत या दोघांनी आठ चित्रपट केले. त्यांची युगुलगीते आरसीए व्हिक्टरने तबकड्यांवर काढली आणि ती घराघरांत पोचली. चित्रपट उतरला तरी जोडी कपाटात राहिली. हवी तेव्हा काढावी, चावी द्यावी, ऐकावी.

टेंबे–खोटे या जोडीच्या वाट्याला आठ चित्रपट आले नाहीत. नायक-नायिका म्हणून त्यांची कीर्ती उभी आहे ती प्रभातच्या दोन चित्रपटांवर. दुसराही त्याच वर्षीचा.

१८/
तो दुसरा ‘माया मच्छिंद्र’. धुंडीसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ सालच्या ग्रंथाची पारायणे गावोगाव होतात. त्यामुळे स्त्रीराज्यात अडकलेले मच्छिंद्रनाथ आणि त्यांना सोडवायला जाणारा गोरखनाथ ही कथा परिचित आहे. टेंबे मच्छिंद्रनाथ झाले, दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी किलोतला, आणि मास्टर विनायक गोरख. संगीत पुन्हा टेंबे यांचेच.

तारामती सोसणारी होती. किलोतला हुकूम देणारी. पायाशी पाळीव चित्ता घेऊन बसलेली ही राणी पाहिली की काही महिन्यांपूर्वी ही बाई काशीच्या बाजारात विकली जात होती, हे खरे वाटत नाही. शांतारामांनी जाणूनबुजून केले असो वा नसो, एकाच वर्षात एकाच नटीकडून मराठी पडद्याला दोन टोकांच्या स्त्रिया मिळाल्या. चार वर्षांनी ‘अमर ज्योती’त जहाजे लुटणारी जी सौदामिनी दुर्गाबाईंनी रंगवली, तिचे मूळ तारामतीत नाही, किलोतलेत आहे.

१९/
मग जोडी थांबली का? भांडण नाही, नाट्य नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, इतकेच.

दुर्गा खोटे एकाच कंपनीच्या पगारावर राहिल्या नाहीत. त्या काळात कलावंत म्हणजे कंपनीचा महिनेवारी नोकर. त्यांनी कामागणिक करार करण्याची पद्धत धरली. १९३३ साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांचा ‘राजरानी मीरा’, १९३४ साली त्यांचाच ‘सीता’. हा ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात गेला. टेंबे १९३३ साली ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ला संगीत देऊन प्रभातमधून बाहेर पडले. कंपनी पुण्याला गेली, आणि तेथे ‘अमृतमंथन’पासून केशवराव भोळे यांनी चित्रपटगीताला नाट्यपदापासून आणखी दूर नेले.

२०/
‘सैरंध्री’ची हकीकत ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रंगीत चित्रपट काढण्याच्या ईर्षेने प्रभातची मंडळी जर्मनीला गेली. रंग मनासारखे उतरले नाहीत. पण त्याच प्रवासात ‘सैरंध्री’तल्या गाण्यांच्या तबकड्या टेलिफुंकेनकडून तयार करून घेतल्या गेल्या. गाणे चित्रपटापासून सुटे करून विकता येते, हे कंपनीच्या ध्यानात आले होते. एका बाजूला तीनेक मिनिटे मावणाऱ्या तबकडीने पुढे गाण्याची लांबीही ठरवून टाकली. टेंबे यांच्या चाली त्या तबकड्यांवर आहेत. पण ‘सैरंध्री’त नायिका दुर्गा खोटे नव्हत्या. जोडी म्हणून त्या दोघांचा ठेवा शोधायचा तर चित्रपटाच्या पट्टीकडेच वळावे लागते.

२१/
आणि ती पट्टी नाजूक असते. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे स्फोटकांच्या कुळातली. उष्णतेने कुजते, ठिणगीने भडकते. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, त्यातली सात गाणी कशी ऐकू येत होती, हे कुणालाच सांगता येणार नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती जळाल्या, त्यांत प्रभातच्याही होत्या.

‘अयोध्येचा राजा’ मात्र वाचला. तो पाहता येतो, ऐकता येतो. मराठीतला पहिला बोलपट म्हणून ज्याची नोंद होते, त्याचा आवाज शिल्लक असावा, हे आपले भाग्यच. चित्रपटाच्या इतिहासात असे भाग्य फार थोड्या भाषांना लाभले आहे.

२२/
बालगंधर्वांचे काय झाले? प्रभातने त्यांनाही पडद्यावर आणले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुष. ज्यांनी त्यांना तीस वर्षे भामिनी आणि रुक्मिणी म्हणून पाहिले, त्या प्रेक्षकांना हे पचले नाही. कॅमेरा जवळ येतो. रंगमंचावरच्या अंतराने जे सांभाळून घेतले होते ते तो सांभाळत नाही. जळगावच्या शिकवणीत घडलेला तो अलौकिक गळा बोलपटात परका ठरला, आणि तालीम न झालेली दुर्गा खोटे त्याच माध्यमात घरच्यासारखी वावरली. कलेचा हा न्याय क्रूर आहे, पण नोंदवला पाहिजे.

२३/
‘धर्मात्मा’च्याच वर्षी, १९३५ साली, कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन वापरले. दिग्दर्शक नितीन बोस, संगीत रायचंद बोराल. एकाने गायचे आणि दुसऱ्याने ओठ हलवायचे. दहा-बारा वर्षांत ही रीत सर्वत्र रूढ झाली. म्हणजे ज्या पद्धतीने टेंबे आणि खोटे गायले, ती अवघी काही वर्षे टिकली. एकाच माणसाचा चेहरा, त्याच माणसाचा आवाज आणि तोच क्षण, असे तिन्ही एकत्र सापडते ते या थोड्या वर्षांच्या चित्रपटांत.

२४/
आता तापी ओलांडायची. थाळनेर म्हटले की इतिहासप्रेमींना फारुकी सुलतानांच्या कबरी आठवतात, आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये हिस्लॉपच्या तोफांपुढे पडलेला किल्ला. त्याच थाळनेरात हरिदास लाड हे गुजराती सावकार राहत. त्यांच्या मुलीशी मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे लग्न झाले. ती वारल्यावर तिच्या धाकट्या बहिणीशी. ही धाकटी बहीण म्हणजे माई मंगेशकर, लता मंगेशकर यांच्या आई. थाळनेरच्या आजीच्या तोंडून ऐकलेली गुजराती लोकगीते लताबाईंच्या कानात लहानपणीच बसली होती.

दीनानाथही बालगंधर्वांसारखेच स्त्रीभूमिका गाजवलेले गायक नट. त्यांनीही १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढून बोलपटाच्या पाण्यात उडी घेतली. ते पाणी त्यांना लाभले नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी ते गेले तेव्हा थोरली मुलगी बारा वर्षांची होती.

२५/
त्या मुलीला चित्रपटात काम देऊन घर सावरायला ज्यांनी हात दिला, ते मास्टर विनायक. ‘माया मच्छिंद्र’चा गोरख, आणि त्याआधी ‘अयोध्येचा राजा’तला नारद. टेंबे आणि दुर्गा खोटे गात होते तेव्हा त्याच चित्रपटात वीणा घेऊन वावरणारा तो तरुण नट, दहा वर्षांनी थाळनेरच्या नातीला ‘पहिली मंगळागौर’मध्ये उभी करीत होता. लताबाईंना चेहरा रंगवून कॅमेऱ्यासमोर जाणे कधीच आवडले नाही. पार्श्वगायनाने त्यांची त्यातून सुटका केली.

२६/
गोविंदराव टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गेले. दुर्गा खोटे पडद्यावर राहिल्या, आता आईच्या, सासूच्या, राजमातेच्या रूपात. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. तारामती पुरुषाकडून करून घ्यावी लागली, त्या फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार पहिल्या गाणाऱ्या मराठी तारामतीला.

५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’ प्रदर्शित झाला. त्यात महाराणी जोधाबाई झाल्या होत्या दुर्गा खोटे. पडद्यावर मधुबाला ओठ हलवीत होती, आणि आवाज होता लता मंगेशकर यांचा.